वाहत्या पाण्यापुढे माती किती टिकते: छिद्र-धूप चाचणीची पायरीवार ओळख

काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्यावे आणि दोन वेगळ्या मातींची बोराएवढी दोन ढेकळे त्यांत अलगद सोडावीत. बोटांनी दाबून पाहिली तेव्हा दोन्ही सारखीच टणक लागलेली असतात. दहा मिनिटांनी पाहावे, तर एक ढेकूळ जागच्या जागी ढासळून तळाशी त्याची लहानशी रास झालेली असते, पण भोवतीचे पाणी नितळ असते. दुसऱ्याचा आकार बराचसा शाबूत असतो, मात्र त्याच्या कडांपासून दुधासारखा धूर निघून पेल्याच्या तळावर हळूहळू पसरत असतो. नवख्या माणसाला पहिली माती वाईट वाटते. भरावाच्या पोटातून जाणाऱ्या बारीक भेगेचा विचार करणाऱ्याला दुसरीची धास्ती अधिक वाटते, कारण तिचे कण पाण्याच्या ओढीची वाटही न पाहता एकमेकांपासून सुटत आहेत.

मातीची ताकद आणि वाहत्या पाण्यापुढे टिकण्याची तिची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. अमेरिकेतील आयडाहो राज्यातले टेटन धरण 5 जून 1976 रोजी पहिल्यांदाच भरले जात असताना फुटले. सकाळी पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या सुमारास माथा कोसळला. त्याच्या गाभ्यात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक पोयट्याची माती दाबून भरलेली होती. भार पेलण्याच्या हिशेबात ती कमी पडली नव्हती. वाहत्या पाण्यापुढे ती टिकली नाही. ही धूप-रोधकता आकड्यात मांडण्यासाठी ज्या चाचण्या आहेत, त्यांपैकी एक, छिद्र-धूप चाचणी, या लेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. माती-परीक्षणाची नेहमीची कामे, म्हणजे चाळणी, आर्द्रता आणि प्रॉक्टर चाचणी, वाचकाने केलेली आहेत असे मी गृहीत धरले आहे.

आपण नेमके काय मोजणार आहोत

पाणी मातीच्या पृष्ठावरून वाहते तेव्हा ते पृष्ठाला समांतर अशी ओढ लावते. या ओढीला कर्तन ताण म्हणतात आणि तो पास्कलमध्ये मोजतात. ताण एका ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर माती जवळजवळ ढळत नाही; ती मर्यादा ओलांडली की धूप सुरू होते आणि ताण जसजसा वाढतो तसतशी ती वाढत जाते. त्या मर्यादेला आपण उंबरठा ताण म्हणू. धुपीचा दर हा प्रत्यक्ष ताणातून उंबरठा ताण वजा करून उरलेल्या रकमेच्या प्रमाणात असतो, असे साधे रेषीय नाते बहुतेक चाचण्यांत गृहीत धरले जाते, आणि त्या प्रमाणाच्या आकड्याला धूप गुणांक म्हणतात. म्हणजे शोधायच्या गोष्टी दोनच आहेत: माती कधी हलू लागते, आणि हलू लागल्यावर किती वेगाने जाते. भरावाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हा माझ्या मते दुसरा आकडा अधिक मोलाचा असतो, कारण भेग पडलीच तर माणसांच्या हाती किती वेळ उरेल, हे त्याच्यावरून कळते.

हे नाते सोयीचे आहे, निसर्गनियम नव्हे. माती एकेक कणाने सुटते तसेच कधी कपच्यांनीही सुटते, आणि कपच्या सुटू लागल्या की सरळ रेषा वेडीवाकडी होते.

कोणती चाचणी निवडावी

प्रश्न काय आहे त्यावर चाचणी ठरते. पुलाच्या पायाभोवतीची माती पुरात किती खचेल हे हवे असेल, तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील ज्याँ-लुई ब्रिओ यांनी विकसित केलेले उपकरण उपयोगी पडते. त्यात चौकोनी छेदाच्या नळीच्या तळातून नमुना 1 मिलिमीटर वर ढकलतात, त्यावरून पाणी वाहू देतात आणि तेवढा थर झिजायला किती वेळ लागतो ते पाहतात. एका तासात झिजला नाही तर पाण्याचा वेग वाढवून पुढची फेरी घेतात. कालव्याचा काठ किंवा सांडव्याखालची जमीन हा विषय असेल, तर ग्रेगरी हॅन्सन यांच्या कामातून पुढे आलेली जलझोत चाचणी घेतात. तिच्यात पाण्याखाली बुडवलेल्या मातीवर बारीक तोटीतून झोत सोडून खड्ड्याची खोली वेळोवेळी मोजली जाते, आणि ती प्रयोगशाळेइतकीच प्रत्यक्ष जागेवरही करता येते. भरावातून आरपार गेलेल्या भेगेत काय होईल हे विचारायचे असेल, तर छिद्र-धूप चाचणी जवळची वाटते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात चि फाई वान आणि रॉबिन फेल यांनी तिची पद्धत बसवून 2004 मध्ये ती सविस्तर मांडली.

एका चाचणीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नये. एकाच मातीवर झोत चाचणी आणि छिद्र चाचणी घेतली, तर छिद्र चाचणीतला धूप गुणांक झोत चाचणीतल्यापेक्षा दहापट किंवा त्याहूनही कमी आणि उंबरठा ताण कितीतरी जास्त येऊ शकतो. दोन्हींत चूक असेलच असे नाही. दोन्हींत पाणी मातीला वेगळ्या रीतीने छळते आणि ताणाचा हिशेबही वेगळ्या रीतीने होतो. अहवालात चाचणीचे नाव नसलेला धूप गुणांक म्हणूनच निरुपयोगी असतो.

आणखी एक मर्यादा. स्वच्छ वाळूत पाण्याखाली छिद्र उभेच राहत नाही, ते ढासळते, त्यामुळे ही चाचणी थोडाफार चिकटपणा असलेल्या मातीसाठीच आहे.

आधीची तयारी: माती, पाणी आणि ढेकूळ चाचणी

माती प्रयोगशाळेत आली की तिची नैसर्गिक आर्द्रता लगेच काढून घ्यावी आणि मुख्य नमुना ओव्हनमध्ये वाळवण्याचा मोह टाळावा. काही चिकणमाती एकदा पूर्ण वाळल्या की पुन्हा पाणी घालूनही पूर्वीसारख्या होत नाहीत. त्यांचे कण गुठळ्यांत बांधले जातात आणि चाचणीत त्या वाळूसारख्या वागतात. आर्द्रता कमी करणे भागच असेल तर ती हवेवर, सावलीत आणि लागेल तेवढीच कमी करावी. नंतर ढेकळे लाकडी किंवा रबरी मोगरीने फोडून माती 4.75 मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी. वर उरलेल्या खड्यांचे वजन नोंदवावे, कारण छिद्राच्या वाटेत एखादा खडा आला तर पुढचे सगळे गणित बिघडते.

यानंतर ढेकूळ चाचणी करावी. नैसर्गिक आर्द्रतेचे सुमारे 15 मिलिमीटरचे ढेकूळ 250 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सोडून 2 मिनिटे, 1 तास आणि 6 तासांनी पाहायचे असते. ढासळणे वेगळे आणि विखुरणे वेगळे, हे सुरुवातीलाच डोळ्यांत बसवून घ्यावे. ढासळण्यात रास होते आणि पाणी नितळ राहते. विखुरण्यात गढूळ ढग उठतो आणि तळावर पातळ थर पसरतो. पेल्यामागे काळा कागद धरला तर सुरुवातीचा धूसर पट्टाही सुटत नाही. विखुरणाऱ्या मातीच्या पोटात बहुधा सोडियम जास्त असते. त्यामुळे कणांभोवतीचे पाण्याचे आवरण जाड होते, कण एकमेकांना दूर लोटतात आणि साध्या उभ्या पाण्यातही सुटतात. मात्र ढग दिसला नाही म्हणून माती निर्धोक आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण विखुरणाऱ्या काही माती या चाचणीत गप्प राहतात. शंका असेल तर सूचिछिद्र चाचणीही करून घ्यावी. 1976 मध्ये जेम्स शेरार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या चाचणीत 1 मिलिमीटरच्या छिद्रातून 50 मिलिमीटर उंचीच्या दाबापासून सुरुवात करून पाणी सोडतात आणि बाहेर येणारे पाणी किती गढूळ आहे यावरून मातीची वर्गवारी करतात.

इथे माझी एक चूक सांगतो. पहिल्याच वर्षी एका मातीची ढेकूळ चाचणी मी नळाच्या पाण्यात केली, ढेकूळ शांत राहिले आणि 'विखुरत नाही' असे लिहून मी मोकळा झालो. आठवड्याने तेच ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्यात सोडले तेव्हा पाच मिनिटांत पेला दुधाळ झाला. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने आणि इतर क्षारांनी कणांना एकत्र धरून ठेवले होते. हेच छिद्र-धूप चाचणीलाही लागू आहे. कोणते पाणी वापरले, त्याची विद्युतवाहकता किती आणि तापमान किती, या तीन नोंदी नसतील तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तुमची चाचणी पुन्हा करता येणार नाही. जिथे भराव होणार आहे तिथल्या पाण्याचा नमुना मिळत असेल तर एक चाचणी त्या पाण्यावर जरूर करावी.

नमुना बनवणे

साऱ्या चाचणीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. चाचणीतून निघणारा आकडा जितका मातीचा असतो तितकाच तो तुम्ही नमुना कसा दाबला याचाही असतो. तीच माती इष्टतम आर्द्रतेपेक्षा, म्हणजे ज्या आर्द्रतेला ती सर्वांत घट्ट दाबली जाते तिच्यापेक्षा, दोन-तीन टक्के कोरडी असताना दाबली आणि तेवढीच ओलसर असताना दाबली, तर धूप गुणांकात दहापटीचा किंवा त्याहूनही मोठा फरक पडू शकतो. कोरड्या बाजूला दाबलेल्या मातीत लहान लहान गुठळ्या आपापला आकार राखून एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी सहज शिरते; ओलसर बाजूला त्या गुठळ्या मळून एकजीव झालेल्या असतात. नमुना उभा कापून पाहिला तर हा फरक उघड्या डोळ्यांनाही कळतो: एक पृष्ठ रव्यासारखे दिसते, दुसरे लोण्यासारखे.

आधी किती माती लागेल ते काढावे. समजा, प्रॉक्टर चाचणीत कमाल कोरडी घनता 1.74 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर आणि इष्टतम आर्द्रता 17 टक्के आली, आणि 95 टक्के घनतेला नमुना हवा आहे. मग कोरडी घनता 1.653 झाली. नेहमीच्या प्रॉक्टर साच्याचे आकारमान 944 घनसेंटीमीटर असते, म्हणून ओल्या मातीचे एकूण वजन 1.653 × 1.17 × 944 म्हणजे सुमारे 1826 ग्रॅम आणि तीन थरांपैकी प्रत्येकाला जवळपास 609 ग्रॅम. ठोक्यांची संख्या पाळण्यापेक्षा प्रत्येक थर त्याच्या ठरलेल्या जाडीपर्यंत, म्हणजे सुमारे 39 मिलिमीटरपर्यंत, दाबून बसवणे इथे महत्त्वाचे आहे.

मातीत पाणी मिसळताना ते फवाऱ्याने, थोडे थोडे आणि हाताने चोळत मिसळावे, आणि मिसळलेली माती हवाबंद पिशवीत निदान एक रात्र मुरू द्यावी. जड चिकणमातीला याहून जास्त वेळ लागतो. मुरलेल्या मातीची आर्द्रता दाबण्याआधी पुन्हा तपासावी. दुसरा थर टाकण्यापूर्वी पहिल्याचा वरचा गुळगुळीत भाग टोकदार सळीने ओरखडून घ्यावा, कारण न ओरखडलेल्या सांध्यात पाणी आडवे शिरते आणि छिद्र तिथे पोटासारखे फुगते. साच्याच्या आतल्या भिंतीला तेल लावू नये. तेलामुळे माती भिंतीपासून सुटते आणि मग पाणी छिद्रातून न जाता भिंतीच्या कडेने वाट काढते. बाहेर येणारा प्रवाह वाढत असतो, नवखा खूश होतो आणि साचा उघडल्यावर छिद्र जसेच्या तसे सापडते.

नमुना तयार झाल्यावर साच्यासह वजन करावे, दोन्ही टोकांना झाकणे लावून तो लगेच चाचणीला घ्यावा किंवा ओल टिकेल असा गुंडाळून ठेवावा. ठेवलाच तर किती तास ठेवला ते लिहावे. दाबलेली चिकणमाती नुसती पडून राहिली तरी काही काळ थोडी थोडी कणखर होत जाते.

छिद्र पाडणे

नमुन्याच्या अक्षावरून आरपार 6 मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडायचे असते. उभ्या ड्रिल यंत्रावर, कमी वेगाने आणि वीस-पंचवीस मिलिमीटर आत गेल्यावर प्रत्येक वेळी बिट बाहेर काढून भुगा पुसत हे काम करावे. बिट एका दमात खाली दाबले तर भुगा छिद्राच्या भिंतीवर लिंपला जातो आणि ती भिंत गिलावा केल्यासारखी चकचकीत होते. अशी भिंत सुरुवातीला खऱ्यापेक्षा जास्त टिकाऊ वाटते आणि मग एकदम सुटते. पलीकडच्या टोकाला बिट बाहेर पडताना कपची उडते, म्हणून तिथे सपाट लाकडी ठोकळा दाबून धरावा. छिद्रातून विजेरीचा उजेड टाकून आरपार पाहावे. एखादा खडा डोकावत असेल तर तो नमुना बाद करावा.

उपकरणाची जुळणी

उपकरण साधे असते. नमुन्याच्या एका बाजूला पाणी येणारी, म्हणजे वरची कुपी, दुसऱ्या बाजूला पाणी जाणारी, म्हणजे खालची कुपी, आणि दोन्हींत पाण्याची पातळी दाखवणाऱ्या उभ्या नळ्या. येणाऱ्या कुपीत सुमारे 20 मिलिमीटर आकाराची खडी भरून नमुन्याकडच्या बाजूला तारेची जाळी लावतात, म्हणजे नळीतून येणाऱ्या पाण्याचा झोत थेट छिद्राच्या तोंडावर आदळत नाही. दोन्हीकडच्या पातळ्यांतील फरकाला प्रयोगशाळेत सगळे 'हेड' म्हणतात. वरच्या बाजूची पातळी साधारण 1200 मिलिमीटरपर्यंत बदलता यावी आणि खालच्या बाजूची सुमारे 100 मिलिमीटरवर स्थिर राहावी, अशी रचना असते. प्रवाह मोजायला त्रिकोणी खाचेची पट्टी, प्रवाहमापक किंवा नुसते मोजपात्र आणि स्टॉपवॉच चालते. माझा भरवसा शेवटच्या जोडीवर अधिक आहे, गढूळ पाण्यात यांत्रिक मापक अडकतात.

पाणी भरताना आधी खालच्या कुपीतून, अगदी हळू भरावे, म्हणजे छिद्रातली हवा वरच्या बाजूने निघून जाते. उभ्या नळ्यांत एक बुडबुडा राहिला तरी पातळी खोटी दिसते. नळ्या बोटाने टिचकी मारून तपासाव्यात.

प्रत्यक्ष चाचणी

सुरुवात 50 मिलिमीटरच्या फरकाने करावी. या फरकाला 116.4 मिलिमीटर लांबीच्या नमुन्यातील 6 मिलिमीटरच्या छिद्राच्या भिंतीवर किती ताण पडतो, ते सूत्र सोपे आहे: पाण्याची घनता, गुरुत्वप्रवेग, जलचढ आणि छिद्राचा व्यास यांचा गुणाकार करून त्याला 4 ने भागायचे. जलचढ म्हणजे पातळ्यांतील फरक भागिले नमुन्याची लांबी. 50 मिलिमीटरला ताण सुमारे 6.3 पास्कल येतो आणि 100 मिलिमीटरला सुमारे 12.6. पाच-दहा मिनिटे थांबून प्रवाह स्थिर राहिला किंवा कमी होत गेला, तर फरक दुप्पट करावा: 100, 200, 400, 800. प्रत्येक टप्प्यावर सुरुवातीला दर अर्ध्या मिनिटाने आणि नंतर दर मिनिटाने प्रवाह नोंदवावा.

खालच्या कुपीकडे सतत लक्ष असू द्यावे. आकड्यांआधी ती बोलते. पाणी सोडताच पहिले काही सेकंद गढूळ लोट येतो, तो छिद्र पाडताना सुटलेल्या भुग्याचा असतो, त्याला धूप समजू नये. मग पाणी निवळते. त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही, आणि अनेक नवखे इथेच कंटाळून फरक घाईने वाढवतात. कधी मधेच प्रवाह घटतो, कारण सुटलेली गुठळी छिद्रात अडकलेली असते. ती निघाली की प्रवाह पूर्ववत होतो. खरी धूप सुरू झाली की छिद्राच्या तोंडातून एक बारीक, अखंड, तपकिरी दोरा निघताना दिसतो, तो कुपीत थोडे अंतर सरळ जाऊन मग विस्कटतो, आणि पातळ्यांतील फरक स्थिर ठेवूनही प्रवाह प्रत्येक नोंदीला आधीपेक्षा जास्त वाढू लागतो. या टप्प्याला वाढती धूप म्हणू. तो लागला की फरक मुळीच बदलू नये.

वाढत्या धुपीचे कारण सूत्रातच आहे. फरक तोच राहिला तरी व्यास वाढला की ताण त्याच प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट झाला तर ताण दुप्पट आणि प्रवाह, खळाळत्या वाहण्यात, साडेपाच पटींहून अधिक. भरावातली खरी भेग अशीच स्वतःला रुंद करत जाते. चाचणी जास्तीत जास्त 45 मिनिटे चालवावी, पण पाण्याचा पुरवठा फरक टिकवू शकेनासा झाला किंवा छिद्र नमुन्याच्या व्यासाच्या निम्म्याकडे झुकू लागले तर आधीच थांबवावी. शेवटचा प्रवाह मोजूनच पाणी बंद करावे.

सर्वांत मोठ्या फरकालाही धूप सुरू झाली नाही, तर तो चाचणीचा पराभव नव्हे. 'उंबरठा ताण अमुक पास्कलपेक्षा जास्त' असे लिहावे आणि थांबावे.

छिद्राचा साचा काढणे

पाणी हळूच काढून टाकावे, नमुना वेगळा करावा आणि खालचे तोंड बंद करून छिद्रात वितळलेले मेण किंवा पातळ प्लास्टर ओतावे. घट्ट झाल्यावर माती फोडून आतला साचा बाहेर काढावा आणि त्याचा व्यास लांबीवर निदान सहा ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी, व्हर्निअरने मोजावा. साच्याचा आकार पुष्कळ काही सांगतो. तो दंडगोल असेल तर उत्तम. दोन्ही टोके कर्ण्यासारखी फाकली असतील तर टोकांशी भोवऱ्याने माती खाल्ली आहे, आणि प्रवाहाला अडवणारी खरी लांबी 116 मिलिमीटरपेक्षा कमी होती असे समजून ती सुधारून घ्यावी. थरांच्या सांध्यांवर कडी उठलेली दिसली तर ओरखडणे कमी पडले.

हिशेब

चाचणी चालू असताना छिद्राचा व्यास थेट दिसत नाही. तो प्रवाहावरून मागे काढावा लागतो. सुरुवातीचा व्यास 6 मिलिमीटर आणि शेवटचा व्यास साच्यावरून माहीत असतो, दोन्ही वेळचा प्रवाह आणि जलचढही माहीत असतो, म्हणून दोन्ही क्षणांचा घर्षण गुणक, म्हणजे छिद्राची भिंत पाण्याला किती अडवते ते सांगणारा आकडा, काढता येतो. त्यांच्या दरम्यान हा गुणक वेळेनुसार सरळ रेषेत बदलला असे धरून प्रत्येक नोंदीसाठी व्यास काढतात. खळाळत्या वाहण्यात व्यासाचा पाचवा घात हा प्रवाहाच्या वर्गाच्या आणि घर्षण गुणकाच्या प्रमाणात आणि जलचढाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हे काम स्प्रेडशीटवर दहा मिनिटांचे आहे.

व्यासांची यादी झाली की पुढचे सोपे आहे. दर सेकंदाला दर चौरस मीटरमधून किती किलोग्रॅम माती गेली, हे कोरडी घनता भागिले 2 गुणिले व्यास वाढण्याचा वेग इतके असते. समजा, फरक 200 मिलिमीटर आहे, कोरडी घनता 1650 किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पहिल्या दहा मिनिटांत व्यास 6.0 वरून 7.2 मिलिमीटर झाला आणि पुढच्या दहा मिनिटांत 7.2 वरून 9.0. पहिल्या अवधीत धूप दर 0.00165 आणि दुसऱ्या अवधीत 0.002475 किलोग्रॅम प्रति सेकंद प्रति चौरस मीटर. मधल्या व्यासांना, म्हणजे 6.6 आणि 8.1 मिलिमीटरला, ताण अनुक्रमे 27.8 आणि 34.1 पास्कल. दोन बिंदूंतील रेषेचा चढ काढला तर धूप गुणांक सुमारे 0.00013 सेकंद प्रति मीटर येतो, आणि ती रेषा मागे नेऊन शून्य धुपीला भिडवली तर उंबरठा ताण सुमारे 15 पास्कल येतो. प्रत्यक्षात दोन बिंदूंवर कधीच समाधान मानू नये. वाढत्या धुपीच्या भागातले सगळे बिंदू घेऊन रेषा बसवावी आणि आधीचा भुगा निघण्याचा भाग व शेवटचे कपच्या सुटण्याचे उड्या मारणारे बिंदू वगळावेत. कोणते बिंदू वगळले आणि का, हे आलेखावरच लिहावे.

धूप गुणांकाचा पल्ला फार मोठा असल्यामुळे त्याचा 10 या पायाचा लॉगरिदम घेऊन चिन्ह बदलतात आणि त्याला धूप-दर निर्देशांक म्हणतात. आपल्या उदाहरणात तो 3.9 येतो. 2 पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे अतिशय झपाट्याने धुपणारी माती, 2 ते 3 खूप जलद, 3 ते 4 मध्यम जलद, 4 ते 5 मध्यम मंद, 5 ते 6 खूप मंद आणि 6 च्या वर अतिमंद. निर्देशांकातला एक अंक म्हणजे वेगातली दहापट, हे लक्षात ठेवले म्हणजे 3.8 आणि 3.9 यांच्यात भेद करत बसण्याचे कारण उरत नाही. उंबरठा ताणाच्या आकड्यावर तर मी याहूनही कमी भर देतो, कारण तो रेषा मागे वाढवून काढलेला असतो आणि रेषा जराशी तिरकी झाली तरी कित्येक पास्कलांनी सरकतो. कधी तो ऋणही येतो, ज्याला भौतिक अर्थ नसतो.

अहवालात काय असावे

एका मातीवर, एकाच आर्द्रतेला आणि घनतेला, निदान तीन नमुने करावेत. तिन्हींचे निर्देशांक अर्ध्या अंकाच्या आत आले तर काम ठीक झाले असे मी मानतो; एखादा दूर पडला तर त्याचा मेणसाचा पुन्हा पाहावा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. वेळ आणि माती उरली असेल तर इष्टतमापेक्षा दोन टक्के कोरडा आणि दोन टक्के ओला असे आणखी दोन नमुने करावेत, कारण प्रत्यक्ष कामावर माती नेमकी 17 टक्क्यांवर कधीच दाबली जात नाही आणि ज्याला अहवाल वाचून निर्णय घ्यायचा आहे त्याला त्या चुकीची किंमत कळायला हवी.

अहवालात चाचणीचे नाव, मातीची वर्गवारी, ढेकूळ चाचणीचा निकाल, दाबतानाची आर्द्रता व कोरडी घनता, मुरवण्याचे आणि ठेवण्याचे तास, पाण्याचा प्रकार, विद्युतवाहकता व तापमान, वापरलेले सगळे फरक आणि प्रत्येकाचा अवधी, वेळ-प्रवाहाचा आलेख, वगळलेले बिंदू आणि साच्याची मापे असावीत. साच्याचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून काढावे. गढूळ पाणी थेट मोरीत ओतू नये. बादलीत रात्रभर ठेवून वरचे निवळलेले पाणी सोडावे आणि खाली बसलेली माती वाळवून तोलावी, कारण छिद्राच्या वाढलेल्या आकारमानावरून काढलेल्या वजनाशी ती ढोबळमानाने जुळते का, ही फुकटात मिळणारी पडताळणी आहे. मेणाचे साचे नमुन्याचा क्रमांक कोरून खोक्यात जपून ठेवावेत. वर्षभराने कुणी आकड्यावर शंका घेतली तर टेबलावर ठेवायला तेवढेच उरलेले असतात.